बांधावरची बाभूळ तोडण्याआधी: लाकूड नेमके कुठे वाया जाते

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या बांधावर आणि ओढ्याकाठी २६ देशी बाभळी आणि ७ कडुनिंब आहेत, शिवाय एका एकरात सुबाभूळ उभी आहे. व्यापाऱ्याने हा सगळा माल उक्ता मागितला आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी चार बाभळी तोडून घराच्या चौकटींसाठी लाकूड चिरून आणले होते. त्यातले निम्म्याहून अधिक तडकले, पिळले आणि शेवटी चुलीत गेले. या वेळी तसे होऊ नये यासाठी काय करावे, उरलेल्या तुकड्यांचे काय करावे आणि माल उक्ता द्यावा की मोजून द्यावा, असे तीन मुद्दे त्यांनी मांडले आहेत.

आरागिरणी आणि शेतावरची झाडे यांच्याशी माझा संबंध गेली जवळपास तीस वर्षे आहे. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगतो. लाकडाची नासाडी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे गिरणीतला भुशाचा ढीग येतो, कारण तो ढीग दिसतो. भुसा, सालपटे आणि कडेचे तुकडे यांत लाकूड जाते हे खरेच आहे. साधारण गिरणीत ओंडक्यातील ५० ते ६० टक्केच लाकूड कामाच्या मालात उतरते. पण सोलापूरच्या हवेत त्याहून मोठे नुकसान गिरणीबाहेर होते. त्यातले थोडे झाड पाडताना आणि तुकड्यांची लांबी ठरवताना होते आणि बरेचसे चिरलेला माल वाळताना होते. तुमच्या चार बाभळींच्या बाबतीत गिरणीवाल्याचा दोष फारसा नसावा, असा माझा अंदाज आहे.

पहिला प्रश्न तोडण्याच्या वेळेचा आहे. तुम्ही मागच्या वेळी कोणत्या महिन्यात तोड केली ते लिहिलेले नाही, पण बहुतेक शेतकरी रब्बीची ज्वारी निघाल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, मोकळा वेळ मिळाला की झाडांकडे वळतात. लाकडाच्या दृष्टीने आपल्याकडे यापेक्षा वाईट मुहूर्त नाही. चाळीस अंशांच्या पुढचे तापमान आणि कोरडा वारा यांमुळे ओंडक्याची दोन्ही टोके आतल्या भागापेक्षा कितीतरी लवकर सुकतात, आकसतात आणि फाटतात. बाभळीसारख्या जड, घट्ट लाकडात आतले पाणी बाहेर यायला वेळ लागतो, त्यामुळे बाहेरचा आणि आतला ओलावा यांत मोठी तफावत पडते आणि त्या ताणाने चिरा पडतात. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात तोड केली तर पहिले दोन-तीन महिने लाकूड सावकाश वाळते आणि उन्हाळा लागेपर्यंत त्यातला धोक्याचा ओलावा बराच कमी झालेला असतो. अमावस्येला तोडलेल्या लाकडाला घुण लागत नाही असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. मला स्वतःला तिथीने फरक पडल्याचे कधी दिसले नाही, पण घुण पिष्टाला लागतो आणि खोडातल्या पिष्टाचे प्रमाण हंगामानुसार बदलते, हे मात्र खरे आहे.

आता झाड पाडण्याविषयी. मजूर उभ्याने कुऱ्हाड किंवा चेनसॉ चालवतात, वाकायला कंटाळतात, आणि दीड फुटाचा खुंट मागे राहतो. हा खुंट किती महागात पडतो ते मोजून पाहावे. आपल्याकडे ओंडक्याचे घनफूट काढताना मधल्या गोलाईचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि त्याला लांबीने गुणतात. गोलाई ४ फूट असेल तर चौथा हिस्सा १ फूट होतो, म्हणजे दर फूट लांबीला १ घनफूट माल. अशा झाडाचा १० फुटांचा सरळ ओंडका निघत असेल तर तो १० घनफुटांचा झाला. दीड फुटाचा खुंट सोडला तर दीड घनफूट गेले, आणि तेही झाडाच्या सर्वांत जाड, सर्वांत पक्क्या भागातले. बाभळीला खुंटावरून नीट फुटवा येत नाही, त्यामुळे खुंट उंच ठेवण्याला काहीही कारण उरत नाही. बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला करून जमिनीलगत कापावे. सुबाभळीचे तसे नाही. तिला भरपूर फुटवा येतो आणि तिचे पुढचे पीक त्याच खुंटातून उभे राहते, म्हणून तेथे जमिनीपासून चार-सहा इंच ठेवून, पाणी साचू नये असा किंचित तिरपा आणि स्वच्छ काप घ्यावा. साल फाटली तर फुटवा कमकुवत येतो.

ज्या बाजूला झाड पाडायचे त्या बाजूला आधी खोडाच्या व्यासाच्या चौथ्या हिश्शाइतकी खाच घ्यावी आणि मग विरुद्ध बाजूने, खाचेच्या थोडे वर, मागचा काप घ्यावा. दोहोंच्या मध्ये बिजागरीसारखी लाकडाची पट्टी शाबूत ठेवावी. खाच न घेता एकाच बाजूने कापत गेले तर झुकलेले झाड पडताना बुंधा उभा फाटतो. अशा फाटलेल्या बुंध्यातून चौकटीचे लाकूड निघत नाही, आणि ते फाटताना कापणाऱ्याच्या छातीवर येऊ शकते, हे त्याहून गंभीर आहे.

झाड आडवे झाले की ट्रॅक्टर उभा असतो, मजुरांना घाई असते, आणि ट्रॉलीत बसतील अशा मापाने तुकडे पाडले जातात. येथे दहा मिनिटे थांबण्याने जो फायदा होतो तो पुढे गिरणीत कितीही चांगली आरी लावली तरी होत नाही. बांधावरची बाभूळ क्वचितच सरळ असते. समजा १४ फुटांच्या ओंडक्याला मधोमध ६ इंचांचा बाक आहे. तो अखंड चिरला तर सरळ फळी मिळवण्यासाठी दोन्ही कडांनी मिळून तेवढी रुंदी सोडून द्यावी लागते. तोच ओंडका मध्ये तोडून ७ फुटांचे दोन तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यातला बाक ३ इंच होत नाही, फक्त दीड इंच होतो, कारण बाक लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी झाली की बाक चौथाई होतो. हे एवढे गणित लक्षात ठेवले तरी वाकड्या झाडातून मिळणारा माल लक्षणीय वाढतो.

मात्र तोडताना शेवटी त्या लाकडाचे काय करायचे आहे ते आधी ठरलेले असले पाहिजे. दाराच्या चौकटीच्या उभ्या बाजूला ७ फूट लागत असतील आणि तुम्ही तुकडा ६ फूट ९ इंचांचा पाडला, तर तीन इंचांसाठी तो अख्खा तुकडा चौकटीतून बाद होतो. उलट ८ फुटांचा पाडला तर फूटभर लाकूड जळणात जाते. हव्या त्या मापापेक्षा तीन ते चार इंच जास्त ठेवावेत, कारण टोकांना बारीक चिरा पडणारच आणि त्या छाटाव्या लागणार. म्हणून सुताराला आधी शेतात आणावे, झाडे उभी असतानाच त्याला दाखवावीत आणि त्याच्याकडून मापांची यादी घ्यावी. पूर्वी गावचा सुतार हेच करीत असे. नांगराला कोणत्या फांदीचा बाक चालेल, कुळवाच्या दिंडाला कोणते खोड पुरेल, जू कोणत्या फांदीतून निघेल, हे तो बांधावरून जाता-येता हेरून ठेवत असे. त्याच्या दृष्टीने वाकडे लाकूड टाकाऊ नव्हते, कारण त्याला हवा असलेला बाक झाडाने आधीच घडवून ठेवलेला असे आणि त्या बाकात लाकडाचे तंतू अखंड असल्यामुळे अवजार टिकत असे. आज लोखंडी अवजारे आली, सगळा माल सरळच लागतो, आणि वाकडी बाभूळ जळणाच्या भावाने जाते.

तोड झाल्यावर तुमच्या मालाचे शेतातच तीन ढीग करावेत. तीन फुटांपेक्षा जास्त गोलाईचे, बऱ्यापैकी सरळ आणि निरोगी तुकडे चिरकामाला. मध्यम जाडीचे तुकडे खांब, मेढी, वासे यांना. आणि उरलेले जळणाला. व्यापारी उक्ता माल घेतो तेव्हा तोही हेच करतो, फरक इतकाच की वर्गवारीचा फायदा त्याच्या खिशात जातो. उक्त्या सौद्यात संपूर्ण माल सरासरी जळणाच्या भावाच्या आसपास जातो, असे मी वारंवार पाहिले आहे. म्हणून चिरकामाचा माल घनफुटावर आणि जळण वजनावर द्यावे. घनफुटाचे वर सांगितलेले माप प्रत्यक्ष घनफळाच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच दाखवते, हेही तुम्हाला ठाऊक असावे. गोलाई ४ फूट आणि लांबी १० फूट असलेल्या ओंडक्यात खरोखर पावणेतेरा घनफुटांच्या जवळपास लाकूड असते, पण हिशेबात १० धरले जाते, कारण गोल ओंडका चौकोनी करताना कडा जातात हे त्यात गृहीत आहे. तेव्हा त्या मापानंतर पुन्हा 'कटाई-घट' म्हणून कोणी कपात मागू लागला तर ती एकाच गोष्टीची दुसरी कपात आहे. सुबाभूळ टनावर विकताना ती तोडल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वजन करून द्यावी. शेतात पंधरा दिवस पडून राहिलेल्या सुबाभळीचे वजन उन्हाने घटते आणि ती घट तुमच्या माथी येते.

कागदपत्रांविषयी दोन वाक्ये पुरेशी आहेत. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, जांभूळ, मोह, खैर, चंदन अशी झाडे आहेत आणि बाभूळ व कडुनिंब त्यांत नाहीत, तरीही तोडीपूर्वी वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन परवानगी आणि वाहतुकीचे नियम विचारून घ्यावेत आणि सातबारावर झाडांची नोंद कशी आहे ते पाहावे. माल परवानाधारक गिरणीतच चिरून घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन या जंगलतोडीसंबंधीच्या प्रकरणातील १९९६ च्या आदेशांपासून आरागिरण्यांवरचे नियंत्रण कडक झालेले आहे.

गिरणीत गेल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. आपल्याकडच्या काही जुन्या गिरण्यांत अजून गोल चकतीची आरी आहे आणि तिच्या एका कापात सुमारे ५ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. बँडसॉच्या, म्हणजे अखंड फिरणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या आरीला सुमारे २ मिलिमीटर पुरतात. १० इंच जाडीच्या चौकोनी ठोकळ्यातून एक इंची फळ्या काढायच्या असतील तर चकतीच्या आरीने ८ निघतात आणि बँडसॉने ९ निघतात. चिरणावळीचा दर थोडा जास्त पडला तरी नववी फळी तो भरून काढते. दुसरी गोष्ट जाडीच्या सारखेपणाची. पट्टा ढिला असेल, दात बोथट असतील किंवा ओंडका पुढे सरकवणारी गाडी हलत असेल तर एकाच फळीची जाडी एका टोकाला ३२ आणि दुसऱ्या टोकाला २६ मिलिमीटर भरते. मग सुतार रंधा मारून सगळी फळी सर्वांत पातळ जागेच्या मापाला आणतो, आणि भुशात न दिसलेले लाकूड ढलप्यांत जाते. पहिली फळी निघाली की दोन्ही टोकांना आणि मध्ये पट्टी लावून मोजावी. गिरणीवाला चिडला तरी चालेल.

ओंडक्याच्या अगदी मधला मऊ गर चौकटीच्या तुकड्यात येऊ देऊ नये. तो ज्या तुकड्यात येतो त्या तुकड्याला हमखास उभी चीर जाते. याचे कारण असे की लाकूड वाळताना वर्तुळाच्या दिशेने जेवढे आकसते त्याच्या साधारण निम्मेच केंद्राच्या दिशेने आकसते. मध्य आत कोंडला गेला की हा फरक चीर पाडूनच मोकळा होतो. जाड ओंडक्यातून चार चौकटीचे तुकडे गराच्या चारही बाजूंनी काढता येतात. त्यात गराची पट्टी थोडी वाया जाते, पण चार चौकटी वाचतात. सालीलगतचे पांढरे लाकूड तुळईत किंवा चौकटीत शक्यतो येऊ देऊ नये. बाभळीचा लालसर-तपकिरी गाभा टिकाऊ असतो, पण तिच्या पांढऱ्या लाकडाला किडे फार लवकर लागतात. सुबाभळीला आणि आंब्याला तर घुण लागल्याशिवाय राहतच नाही. हे लाकूड घरात वापरायचेच असेल तर ते ओले असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवावे. हे मीठ पावसाने धुऊन जाते, म्हणून असा माल फक्त छपराखालच्या कामासाठीच वापरावा.

आता वाळवण्याविषयी, ज्यासाठी मला हे उत्तर इतके सविस्तर लिहावेसे वाटले. व्यवसायात नवा असताना मी स्वतः एप्रिलमध्ये बाभळीच्या अडीच इंच जाडीच्या चौकटी चिरल्या आणि जागा नाही म्हणून पश्चिमेकडच्या भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या. दुपारी त्या भिंतीच्या तापलेल्या दगडावर हात ठेवता येत नसे. चौथ्या दिवशी संध्याकाळी गिरणी बंद केल्यावर एक 'टक्' असा आवाज ऐकू आला, मग थोड्या वेळाने दुसरा. मला वाटले उंदीर असावा. सकाळी पाहिले तर टोकांपासून आत वीतभर चिरा गेल्या होत्या, आणि तीन आठवड्यांत बावीसपैकी सोळा तुकडे चौकटीसाठी निकामी झाले. ते लाकूड मी जळणाच्या भावाने विकले. त्यानंतर माझ्याकडे एकही चौकट उघड्यावर वाळलेली नाही.

लाकूड वाळताना सुरुवातीला पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी जाते. त्या काळात ते आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतींतले पाणी निघू लागते आणि तेव्हापासून आकसणे सुरू होते. उघड्यावर ठेवलेल्या बाभळीत घोळ असा होतो की बाहेरचा अर्धा इंच भाग काही दिवसांतच या टप्प्याखाली जातो आणि आतला भाग अजून ओलाच असतो. बाहेरचे कातडे आकसू पाहते, आतला भाग त्याला आकसू देत नाही, आणि कातडे फाटते. म्हणजे आपले काम लाकूड लवकर वाळवणे हे नसून पहिले दोन महिने ते फार लवकर वाळू न देणे हे आहे. उत्तर भारतातले किंवा कोकणातले सल्ले जसेच्या तसे येथे उपयोगी पडत नाहीत, ते याच कारणाने.

यासाठी करायचे काम साधे आहे, पण ते चिरल्या दिवशीच झाले पाहिजे. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना डांबराचा किंवा जाड तेल-रंगाचा हात द्यावा, कारण टोकातून पाणी बाजूंपेक्षा अनेक पटींनी वेगाने जाते. उत्तरेच्या सावलीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये जमिनीपासून दीड फूट उंचीवर सपाट ओटा करावा. त्यावर थर रचताना दोन थरांच्या मध्ये एक इंची चौकोनी पट्ट्या दीड ते दोन फुटांच्या अंतराने आडव्या ठेवाव्यात आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या बरोबर एकमेकींच्या वर, ओळंब्यात येतील अशा लावाव्यात. पट्टी अर्धा फूट जरी सरकली तरी खालच्या फळीला त्या जागी बाक येतो आणि तो पुन्हा जात नाही. सगळ्यात वर जड दगड किंवा निरुपयोगी ओंडके ठेवावेत, म्हणजे कडुनिंबासारखे पिळ्या तंतूंचे लाकूड वाळताना वळत नाही. पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून गोणपाट बांधावे. फेब्रुवारीनंतर ते गोणपाट आठवड्यातून एक-दोनदा शिंपडून ओलसर ठेवले तर आणखी चांगले. एक इंची फळी अशा व्यवस्थेत तीन-चार महिन्यांत कामाला येते, अडीच इंची चौकट पावसाळा पार करून आठ-दहा महिन्यांनी वापरावी.

ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल तर बेकरीच्या भट्टीचा किंवा घरच्या ओव्हनचा उपयोग होतो. फळीच्या टोकापासून दीड फूट आतून एक बोटभर रुंदीचा तुकडा कापावा, किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावा, मग १०० अंशांच्या किंचित वर, वजन घटायचे थांबेपर्यंत तापवावा आणि पुन्हा तोलावा. समजा आधी तो ३४० ग्रॅम भरला आणि नंतर २५० ग्रॅम. गेलेले पाणी ९० ग्रॅम, त्याला कोरड्या वजनाने भागून शंभराने गुणले की ३६ टक्के ओलावा आला. असे लाकूड सुताराच्या हाती देऊ नये. चौकटीसाठी १२ टक्क्यांच्या आसपास आलेले लाकूड आपल्याकडे योग्य समजावे; मे महिन्यात ते याहून सुकते आणि पावसाळ्यात थोडे फुगते, त्यामुळे फळ्यांच्या दाराला दोन-तीन मिलिमीटरची सैल जागा ठेवावी लागते, हे सुतार जाणतातच.

ज्यांना इतकी देखरेख जमत नाही त्यांनी बाभळीच्या बाबतीत जुनी पद्धत आठवावी. बैलगाडीचे चाक करणारे सुतार बाभळीचे ओंडके तोडल्यावर विहिरीत किंवा ओढ्याच्या डोहात काही महिने बुडवून ठेवत असत. पाण्यात रस निघून जातो, किडीला खायला फार काही उरत नाही आणि नंतर लाकूड समान वाळते. ज्यांच्या शेतात शेततळे आहे त्यांना हे आजही करता येईल; मात्र त्या पाण्याला टॅनिनचा, म्हणजे बाभळीतल्या तुरट द्रव्याचा, काळसर रंग येतो आणि ते जनावरांना पाजू नये.

उरलेल्या तुकड्यांकडे वळतो. सर्वांत आधी लहान तुकड्यांचा मोठा उपयोग पाहावा, कारण जळणाचा भाव हा लाकडाचा सर्वांत खालचा भाव आहे. बुंध्याच्या जाड, आखूड ठोकळ्यातून काठवट निघते. ज्या जिल्ह्यात घरोघरी ज्वारीची भाकरी थापली जाते तेथे अखंड लाकडाच्या चांगल्या काठवटीला अजून गिऱ्हाईक आहे. दोन-अडीच फुटांचे सरळ तंतूंचे बाभळीचे तुकडे कुदळ, टिकाव, कुऱ्हाड यांच्या दांड्यांना सर्वोत्तम. हे तुकडे आरीने न कापता कुऱ्हाडीने तंतूंच्या रेषेत फोडून घ्यावेत, म्हणजे दांडा तुटत नाही. चिरकामातून निघालेली साल लावलेली कडेची पाटी गोठ्याच्या कुडाला चालते. बाभळीचा पाला आणि शेंगा शेळ्यांसाठी आहेतच, ते शेतात जाळू नयेत.

ओढ्याकाठी वेडी (विलायती) बाभूळ माजली असेलच, कारण जिल्ह्यात उजनीच्या पाणलोटापासून नाल्याच्या प्रत्येक कडेपर्यंत ती आहे. तिला सगळे जळणच समजतात. पण तिच्या जाड खोडाचा गाभा वाळताना फार कमी आकसतो आणि दोन्ही दिशांना जवळजवळ सारखाच आकसतो, त्यामुळे तो इतर लाकडांच्या मानाने फारसा पिळत नाही. तुकडे वाकडे आणि आखूड निघतात ही अडचण आहे, पण दीड-दोन फुटांच्या पट्ट्या पाट, स्टूल, चौरंग यांना पुरतात. एखाद्या सुताराने हे मनावर घेतले तर तुम्हाला तोडणावळीखेरीज काहीच खर्च नाही.

जे खरोखर जळणच आहे ते वाळवून विकावे आणि वाळवून जाळावे. चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे ४,००० ते ४,५०० किलोकॅलरी उष्णता असते. निम्मे वजन पाण्याचे असेल तर त्या किलोतून मिळणारी उष्णता दोन हजारांच्याही खाली येते, कारण लाकूड निम्मेच असते आणि त्यातलीही काही उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. गुऱ्हाळाला किंवा बॉयलरला ओले लाकूड देणारा माणूस वजनावर पैसे मिळवतो, पण घेणारा पाणी जाळत असतो. फोडलेले जळण उघड्यावर एक उन्हाळा पडले तरी पुरते. येथे मात्र सोलापूरचे ऊन आपल्या बाजूचे असते. कोळसा पाडण्याचा विचार असेल तर मातीच्या खड्ड्यातून लाकडाच्या वजनाच्या जेमतेम १० ते २० टक्के कोळसा मिळतो, त्यापेक्षा जळण विकणे बरे.

भुसा गिरणीतून मागून आणावा, कारण तो तुमच्याच लाकडाचा असतो आणि बहुतेक शेतकरी तो तेथेच सोडून येतात. कोंबड्यांच्या शेडमध्ये अंथरायला, ठासून भरलेल्या भुशाच्या शेगडीला आणि कांडी-कोळसा करणाऱ्यांना तो चालतो. तो थेट शेतात मात्र टाकू नये. कुजताना तो जमिनीतले नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. शेणाबरोबर खड्ड्यात वर्षभर कुजल्यावरच तो द्यावा.

तुमच्या २६ बाभळींपैकी या वर्षी सगळ्या तोडण्याची गरज नाही. ज्यांची गोलाई अडीच फुटांपेक्षा कमी आहे त्यांतून चिरकामाला जवळजवळ काहीच निघणार नाही, कारण त्यांच्यात गाभा थोडा आणि पांढरे लाकूडच जास्त असते; त्या आणखी सहा-सात वर्षे उभ्या राहू द्याव्यात. मात्र तोपर्यंत कुंपणाला काट्या तोडताना वीतभर खुंट मागे ठेवण्याची सवय सोडावी. त्या खुंटातून पाणी आणि बुरशी खोडात उतरते आणि फळीत काळी, कुजकी गाठ येते. फांदी अंगठ्याएवढी जाड असतानाच, खोडालगत पण सालीची कड न दुखवता धारदार विळ्याने काढावी, आणि आठ फूट उंचीपर्यंतचे खोड स्वच्छ ठेवावे. मोठ्या झाडांना आजच गोलाईप्रमाणे चुन्याचे आकडे टाकून ठेवा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये सुतार आला की त्याला कोणती आठ-दहा झाडे दाखवायची यावर घरात वाद होणार नाही.